गुरुवारी मला जमणार नाही

२९ जानेवारी, सोमवार

नेरिसने नाताळात ही डायरी दिली तेव्हा मी मनात म्हटलं, पोरी, सत्तरीत तुझी आई काय लिहिणार? आज बटाटे उकडले, उद्या कोबी? आज मात्र विषय मिळाला. माझ्या हृदयाची एक झडप बिघडली आहे. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. झडप नीट उघडतच नाही, रक्ताला बाहेर पडायला नुसती फट उरली आहे. ती बदलावी लागणार.

"कधी?" माझ्या नवऱ्याने, एम्लिनने विचारलं.

आधी तपासण्या, डॉक्टर म्हणाले. हृदयाची सोनोग्राफी, मग अँजिओग्राफी, शिवाय दातांच्या डॉक्टरचा दाखला. सगळं हातात आलं की ऑपरेशनची तारीख.

"आणि तपासण्या कधी?"

डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. यादी मोठी आहे म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मिसेस प्रॉसर, ही झडप फार दिवस वाट बघत नाही. चक्कर आली, छातीत दुखलं, दम वाढला, काहीही झालं तरी आम्हाला कळवायचं."

"हो, कळवीन की," मी म्हटलं.

गाडीत एम्लिन एक अक्षर बोलला नाही. तसा तो बोलतच नाही. सगळी नोकरी पोलादाच्या भट्टीपाशी गेली, तिथे बोललेलं ऐकूच यायचं नाही, ती सवय लागली ती लागलीच.

६ फेब्रुवारी, मंगळवार

सोनोग्राफी रद्द. तपासणारी मुलगी आजारी पडली. मी नवे आतले कपडे घालून गेले होते, ते फुकट गेले. एम्लिनने गाडी लावायला जागा मिळावी म्हणून अख्ख्या दवाखान्याला प्रदक्षिणा घातल्या आणि जागा मिळाली तोवर मी परत बाहेर. "काय झालं?" म्हणाला. म्हटलं, काही झालं नाही, तेच झालं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आज झाली एकदाची. बाहेर बाकावर इद्वल प्यू भेटला. इद्वल आमच्याच रस्त्यावर वरच्या टोकाला राहतो, बहीण ओल्वेनबरोबर. दोघांनीही लग्न केलं नाही. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या वेण्या ओढायचा, पुढे जन्मभर बस चालवली. त्याचीही तीच झडप बिघडली आहे, हे मला आजच कळलं. आपल्याच रस्त्यावरच्या माणसाचं दुखणं मला दवाखान्यात कळावं! पण मी तरी त्याला कुठे सांगितलं होतं?

"काय मेन्ना, तूही मोडीत निघालीस?"

"मी नाही रे. फक्त झडप गंजलीय."

"रांगेत मी पुढे आहे हं. माझी अँजिओग्राफी एकवीस मार्चला, गुरुवारी. तुझी?"

"अजून नाही मिळाली."

"मग मागे उभी राहा. मध्ये घुसायचं नाही. शाळेत घुसायचीस तशी."

त्याच्या ओठांचा रंग मला बरा वाटला नाही, पण तिथला उजेडच तसला मेला. येताना आम्ही त्याला गाडीत घेतलं. रस्त्याच्या खालच्या टोकालाच उतरव म्हणाला, जरा पाय मोकळे करतो. खिडकीतून बघत होते, तर हा प्रत्येक फाटकाशी थांबून लोकांच्या बागा न्याहाळतोय. फेब्रुवारीत कसली बाग! ही युक्ती मला चांगली ठाऊक आहे. मीही हल्ली मिसेस लूकरच्या कुंपणातल्या फुलांचं फार कौतुक करते.

आज पॅनकेकचा मंगळवार, उद्यापासून ईस्टरआधीचे उपास. पीठ मी कालवलं, पॅनकेक एम्लिनने उलटले. मला चुलीपाशी उभंच राहू देईना. एक खाली पडला तर मीच खुर्चीतून ओरडले. माझ्या स्वयंपाकघरात मला पाहुणी करून ठेवलंय या माणसाने.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

हृदयाचं ऑपरेशन करायचं तर दात का बघतात, हे लिसीने फोनवर समजावलं. लिसी ही दवाखान्यातली नर्स, आमच्या सगळ्यांच्या तारखा तिच्या हाती. मूळची केरळची, पण आता आमच्यासारखीच आधी हवेवर बोलते आणि मग कामाचं. तर, किडक्या दातातले जंतू रक्तातून जाऊन नव्या झडपेवर बसतात म्हणे. म्हणून दाखल्याशिवाय ऑपरेशन नाही.

आता दाखला आणायचा कुठून? गावातला दातवाला बंद करून गेला. पलीकडच्या गावातला नवे पेशंट घेत नाही. त्याच्या पलीकडचा घेतो, पण खासगी. एम्लिन सकाळभर फोन घेऊन बसला होता. आमच्या लग्नानंतर एवढं तो कधी बोललेला नाही. शेवटी दोन खोरी ओलांडून एकाने चौदा मार्च दिली.

१ मार्च, शुक्रवार

आमच्या देशाच्या संताचा दिवस. कोटाला पिवळं फूल लावून चॅपेलला गेलो. मटणाचा रस्सा या दिवशी माझ्या हातचा असतो. या वर्षी एम्लिनने पहाटे उठून परस्पर करून टाकला, मला विचारलंही नाही. त्यातली लीकची पात जाड चिरली होती. मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाला, "मग पुढच्या वर्षी तू कर." आणि उठून बाहेर निघून गेला. एवढं चिडण्यासारखं काय होतं त्यात, मला कळलं नाही.

संध्याकाळच्या गाण्यात इद्वल दुसऱ्या कडव्यानंतर खाली बसला. त्याचा खर्ज गेला की आमचं सगळं गाणं पाय नसलेल्या टेबलासारखं होतं. नंतर मी त्याला गाठलं.

"नर्सला सांगितलंस का हे?"

"काय सांगायचं? तिने विचारलं कसे आहात, मी म्हटलं, गाडी चालू आहे."

"अरे गाढवा, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? खरं सांगितलंस तर आधी बोलावतील."

"एकवीस तारीख आहे ना हातात. आता तीन आठवड्यांसाठी कशाला रडगाणं? माझ्यापेक्षा वाईट अवस्थेतली माणसं आहेत, मेन्ना."

बहिणीने तरी समजावावं, पण ओल्वेनही त्याच्यासारखीच. "तसा बरा आहे गं तो," म्हणाली.

५ मार्च, मंगळवार

लिसीचा फोन. पाऊस कसा आहे, मग तुम्ही कशा आहात? बरी आहे म्हटलं. जिना चढताना दम लागतो? या वयात थोडा लागणारच. छातीत दुखतं का? खास असं नाही. रात्री झोप? अगदी छान. खाली खुर्चीतच बसून झोपते आता, आडवं झालं की गुदमरतं, पण झोप लागते हे खोटं नाही. ती बिचारी दिवसभर आजारी माणसांचंच ऐकत असेल, तिला आणखी कुठे आपली कटकट.

फोन ठेवून वळले तर एम्लिन दारात उभा. माझ्याकडे नुसता बघत होता. "काय?" म्हटलं. "काही नाही," म्हणाला.

९ मार्च, शनिवार

इद्वल गेला.

सकाळी ओल्वेन चहा घेऊन वर गेली, तर पलंगाच्या कडेला बसलेला, एक मोजा पायात, एक हातात. मी वर त्यांच्या घरी जाऊन आले. चढ चढायला मला फार वेळ लागला आणि आज मी कुणाच्याही फुलांकडे बघितलं नाही. ओल्वेन स्वयंपाकघरात बसून होती. "काल रात्री पुडिंग दोनदा मागितलंन," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होती.

त्याच्यासारखा माणूस असा जातो म्हणजे काय. मला फार वाईट वाटतंय. रागही येतोय, पण कुणाचा ते कळत नाही.

१२ मार्च, मंगळवार

मयत गुरुवारी, एकवीस तारखेला ठरलं; आमच्याकडे पुरायला असे दिवस लागतातच. ओल्वेन स्वतः सांगायला आली. "चहाचं तू बघशील ना, मेन्ना? तो नेहमी म्हणायचा, मेन्नाच्या हातचं हॅम असेल तर मरायलाही हरकत नाही."

आता हे ऐकून कुणी नाही म्हणेल का? आमच्या चॅपेलमध्ये मयताचा चहा ही माझी जबाबदारी, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते तेव्हापासूनची. माणूस पुरून आलं की लोक मागच्या हॉलमध्ये येतात, गार पडलेले, रडलेले. त्यांच्या हातात गरम कप आणि हॅमचं सँडविच पडायलाच हवं. हॅम कापायचा मान माझा. चॅपेलमधली बेटी माझ्या मदतीला असते, बाकी सगळं छान करते, पण तिच्या हातात सुरी दिली की चपलेच्या तळव्याएवढे तुकडे पडतात. इद्वलला चपलांवर पाठवायचं का?

१४ मार्च, गुरुवार

दातवाल्याने एक दाढ काढली आणि दाखला दिला. माणूस चांगला आहे, हात मऊ.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात पाय घसरून पडले. चक्कर आली असं काही नाही, फरशी ओली होती. एम्लिन म्हणतो, फरशी सकाळपासून कोरडी आहे. म्हटलं, तू घसरलायस का मी? लिसीला कळवायचा हट्ट धरून बसला. दाढ काढल्यावर होतं असं कधी कधी, त्यात काय कळवायचं? शेवटी मी त्याच्या हातून फोन काढून घेतला.

१८ मार्च, सोमवार

लिसीचा फोन. आवाजातच आनंद होता. "मिसेस प्रॉसर, दाताचा दाखला मिळाला. आता फक्त अँजिओग्राफी राहिली. आणि एक वेळ अचानक रिकामी झाली आहे. या गुरुवारी सकाळी याल?"

मी म्हटलं, "गुरुवारी मला जमणार नाही."

ती म्हणाली, "काही फार महत्त्वाचं आहे का?"

"मयत आहे आमच्याकडे. चहा माझ्याकडे आहे."

"दुसरं कुणी नाही का करणार?"

कसं समजावणार तिला? म्हटलं, "नाही हो, मीच लागते. ज्याला जास्त गरज असेल त्याला द्या ही वेळ. माझं काय, मी बरी आहे." पुढची वेळ मेच्या आधी मिळेल असं वाटत नाही, म्हणाली. मे तर मे. इतके दिवस थांबलो, आणखी थोडे.

कुणीतरी ऐनवेळी कच खाल्ली असणार. असतात असे लोक, मिळालेली तारीख सोडतात. मला तरी सबळ कारण आहे.

खरं लिहायचं तर फोन ठेवल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मनगटातून हृदयापर्यंत नळी घालतात म्हणे आणि आपण जागे असतो. असो. हॅमची ऑर्डर दिली. मोठं, हाडासकट.

एम्लिन सगळं ऐकत होता. कोट न घालताच पावसात बाहेर गेला आणि जेवायला आला नाही.

२१ मार्च, गुरुवार

चॅपेल भरून माणसं उभी होती. बसच्या डेपोतले सगळे आले होते. गाणी अशी झाली की छत उडेल. मी शेवटच्या गाण्याला उठून हॉलमध्ये गेले, किटल्या चढवल्या, बेटी आणि मी कामाला लागलो. हॅम सुरेख निघालं. सुरी लोण्यातून जावी तशी जात होती. मी बेटीने आणून दिलेल्या स्टुलावर बसून कापत होते, आणि त्यावरून मी तिच्याशी वादही घातला नाही.

ओल्वेन आली. माझ्याशेजारी उभी राहिली. मी एक सँडविच तिच्या हातात दिलं, तिने ते तसंच धरून ठेवलं.

"आज सकाळी त्याला दवाखान्यात जायचं होतं," ती म्हणाली. "सकाळी जाग आली ती त्याच विचाराने. त्याला उठवायला हवं, काही खाऊ द्यायचं नाही, असं. मग आठवलं."

मी कापत राहिले.

"मी कळवलं होतं बरं का फोन करून, तो येणार नाही म्हणून. ती नर्स फार गोड बोलली. म्हणाली, सांगितलंत ते बरं झालं, ही वेळ दुसऱ्या कुणाला तरी देता येईल. तेवढंच समाधान आहे बघ मला, मेन्ना. जाता जाता कुणाच्या तरी उपयोगी पडला असेल."

मी म्हटलं, "हो गं. पडला असेल."

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. लोक हॅमचं कौतुक करत होते. बेटीने माझ्या हातातून सुरी काढून घेतली आणि मला भिंतीकडच्या खुर्चीत नेऊन बसवलं. तिथून मी तिला बघत होते. जाड तुकडे कापत होती. लोक ते खात होते, हसत होते, रडत होते. कुणालाही काही फरक पडला नाही.

२३ मार्च, शनिवार

कालचा दिवस खुर्चीत गेला. आज एम्लिनला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"सोमवारीच. एकवीस तारीख इद्वलने गाडीत किती वेळा सांगितली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या हॅमपुढे माझं कधी काही चाललंय का?"

मी चिडायला तोंड उघडलं, पण राग निघाला तो इद्वलवर. त्याला म्हटलं, तो इद्वल मूर्ख होता, गाडी चालू आहे म्हणायचा, चालत होती का त्याची गाडी? एम्लिन म्हणाला, "आणि तू काय म्हणतेस?" मी म्हटलं, मी वेगळं म्हणते. "काय वेगळं?" त्याने मग माझ्या आवाजात, अगदी माझ्यासारखं, म्हणून दाखवलं: "बरी आहे हो. या वयात थोडा दम लागणारच. ज्याला जास्त गरज असेल त्याला द्या." एवढी हुबेहूब नक्कल. मला हसू यायला हवं होतं.

इद्वलची वेळ मला मिळाली होती आणि मी ती त्याच्याच चहासाठी सोडली. ओल्वेनच्या तोंडावर खोटं बोलले ते वेगळंच. हे मी कुणाला सांगू?

२ एप्रिल, मंगळवार

ईस्टरची सुट्टी संपल्या संपल्या मीच लिसीला फोन केला. एम्लिन शेजारी बसला होता. लिसी म्हणाली, "अहो मिसेस प्रॉसर! कशा आहात?"

तोंडातून "बरी" बाहेर पडलंच. मग मी म्हटलं, "थांबा. ते धरू नका. पुन्हा विचारा."

तिने पुन्हा विचारलं आणि मी सांगितलं. जिना चढता येत नाही. खुर्चीत झोपते. अंघोळीनंतर अर्धी सकाळ बसून राहावं लागतं. मार्चमध्ये स्वयंपाकघरात पडले ती चक्करच होती, आणि त्यानंतर आणखी एकदा आली. छातीत दुखतं, रोज दुखतं. एम्लिनने मान खाली घातली होती. दुसऱ्या चकरेचं त्याला ठाऊक नव्हतं.

"हे आधी का नाही सांगितलंत?" लिसी म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज जरा चढला. "मी दर वेळी विचारत होते ना?"

"तुम्ही कशा आहात असं विचारत होता. आमच्याकडे त्याला एकच उत्तर असतं."

ती म्हणाली, आजच डॉक्टरांशी बोलते, तुमचं नाव वर घेऊ. पण रोज कुणाला ना कुणाला वर घ्यावंच लागतं, त्यामुळे मधे जागा रिकामी झाली तरच बोलावता येईल. पुन्हा चक्कर आली तर फोन करत बसू नका, सरळ अँब्युलन्स बोलवा.

म्हणजे आता पुन्हा वाट बघणं. फोन वाजला की दचकायला होतं. बेटीचा असला की तिच्यावरच राग येतो.

१० एप्रिल, बुधवार

काही नाही. ओल्वेनने इद्वलचे कोट चॅपेलला देऊन टाकले. भेटायला आली होती, तुझी तारीख लागली का विचारलं. नाही म्हटलं. "लागेल गं," म्हणाली. तिला सगळं सांगावं असं फार वाटलं. सांगितलं नाही. तेवढं एक समाधान आहे तिच्याजवळ, ते मी काय म्हणून काढून घेऊ?

१६ एप्रिल, मंगळवार

दुपारी लिसीचा फोन आला. हवेचं काही बोलली नाही. "उद्या सकाळी एक जागा रिकामी झाली आहे. याल?"

मी लगेच हो म्हणणार होते. पण तोंडातून निघालं, "कुणाची?"

"ते मला सांगता येत नाही, मिसेस प्रॉसर."

"नाव नको मला. फक्त एवढंच सांगा, ते माणूस अजून हयात आहे ना? म्हणजे, सर्दीबिर्दी झालीय, तारीख बदलून घेतलीय, असंच काही आहे ना?"

मग ती हळू म्हणाली, "तेही मला सांगता येत नाही. मला फक्त तुमचं उत्तर हवंय."

कुठल्या तरी खोऱ्यात, कुठल्या तरी स्वयंपाकघरात आज एक ओल्वेन बसली असेल. किंवा नसेल, सर्दीच असेल. मला कधीच कळणार नाही. पण तिने फोन करून कळवलं असेल, तर नर्सने तिला काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे.

मी म्हटलं, "येते."

रात्रीपासून काही खायचं नाही. पिशवी भरली. एम्लिनने गाडीत पेट्रोल भरून आणलं, काच पुसली, परत एकदा पुसली. मी त्याला जवळ बोलावलं आणि म्हटलं, एम्लिन, मला भीती वाटते. उद्याच्या नळीची, ऑपरेशनची, सगळ्याची. पहिल्या दिवसापासून वाटते.

तो माझ्यासमोर जमिनीवरच बसला, त्याच्या दुखऱ्या गुडघ्यांवर.

"मलाही," म्हणाला.

मग आम्ही दोघं पुष्कळ वेळ बोलत बसलो.